वळणावरचा आउटबॉक्स

आमच्या शाळेच्या गावात रेंज नाही. ही तक्रार नाही. अकरा वर्षांत तक्रारी करून झाल्या, दमूनही झालं, आता नुसतं सांगतो. बाजाराच्या गावी, मोलगीला, टॉवर आहे, पण बाजाराच्या दिवशी सगळा डोंगर त्यालाच येऊन लटकतो. खरी रेंज मिळते ती मोलगीच्या अलीकडच्या एका वळणावर. तिथे आमची बाजाराची जीप जाताना-येताना दहा-दहा मिनिटं थांबते. ड्रायव्हर इंजिन बंद करतो आणि मंगलाष्टकं संपल्यावर पंगतीला बोलवावं तशा थाटात म्हणतो, "चला, बोलून घ्या." मग टपावरची माणसं टपावरून आणि आतली आतून, गुजरातेत कामाला गेलेल्या आपापल्या माणसांशी एकदमच बोलायला लागतात. मी निवासी शाळेचा मुख्याध्यापक. मी मांडीवर लॅपटॉप उघडतो.

माझी पद्धत ठरलेली होती. आठवडाभर शाळेत बसून मेल लिहायचे आणि 'पाठवा' दाबायचं. रेंज नसल्याने ते आउटबॉक्समध्ये मुकाट पडून राहत. वळणावर फोनचं नेट जोडलं की एकेक करून सुटत. आउटबॉक्स रिकामा झाला की मी मान हलवायची आणि ड्रायव्हरने जीप सुरू करायची.

गेले काही महिने त्या मेलच्या प्रोग्रॅममध्ये वरच्या कोपऱ्यात एक बटण आलं होतं : 'नवीन रूप वापरून पाहा.' लग्नात नाचायला ओढणाऱ्या पाहुण्याला टाळावं तसं मी त्याला टाळत होतो. जुना प्रोग्रॅम उघडेपर्यंत भाकरी थापून भाजून होते, हे कबूल. नवा चपळ आहे, दिसायला देखणा आहे, असं तालुक्याच्या बैठकीत सगळे सांगत. पण हजेरीचे तक्ते, आहाराचे तक्ते, एकेक करून सगळं नव्या रूपात आलं होतं, आणि दर वेळी त्यांच्यापुढे मीच जुना दिसलो होतो. आणखी एक नवी गोष्ट शिकायचं त्राण माझ्यात नव्हतं.

अशात एका बाजाराच्या दिवशी वळणावरून कळसाडीला घरी फोन लावला. बायको म्हणाली, "आते तरी बदलीना अर्ज करा. पोरेसनी शाळा सरनी, तुमनी सरत नही." पुढच्या बाजाराच्या दिवशी संध्याकाळी पाचपर्यंत अर्ज पोचायला हवा होता. मी तो लिहिला, 'पाठवा' दाबलं, आणि आठवडाभर तो आउटबॉक्समध्ये माझ्यासारखाच बसून राहिला.

बाजाराचा दिवस आला. जीप वळणावर थांबली. शेजारी आमच्या शाळेच्या स्वयंपाकाच्या मावशी, मांडीवर विकायची कोंबडी. रेंज आली, ते बटण पुन्हा समोर आलं, आणि माझ्यातला गॅदरिंगचा नट जागा झाला. बदलायचंच आहे तर सगळंच बदलू, असं म्हणत मी ते दाबलं. पडदा उघडावा तसं सगळं लख्ख झालं.

"हे वेगळंच दिसतं, सर," मावशी म्हणाल्या.

"नवीन आहे, मावशी."

"जुन्याला काय झालं?"

"काही नाही."

"मग?"

मी आउटबॉक्स पाहिला. रिकामा. अकरा वर्षं रिकाम्या आउटबॉक्सचा एकच अर्थ होता. घरी फोन करून अर्ज गेल्याचं सांगितलं, मान हलवली, जीप सुरू झाली. मोलगीत स्वतःला पाव किलो जिलेबी घेतली आणि खाल्लीही.

परतताना वळणावर पोचलो तेव्हा साडेचार झाले होते. मावशींची कोंबडी विकली गेली नव्हती, त्यामुळे त्यांना माझ्याकडे लक्ष द्यायला वेळ होता. "तिकडून काही आलं का, सर?" त्यांनी विचारलं. मी पाहिलं. काही आलं नव्हतं. पाठवलेल्या मेलमध्ये शेवटचा होता मागच्या आठवड्यातला, तांदळाच्या मागणीचा. माझा अर्ज नव्या घरी आलाच नव्हता. तो जुन्या प्रोग्रॅमच्या आउटबॉक्समध्ये होता, तिथेच.

मी उलटं बटण दाबलं. आधी एक चौकोन आला : 'नवीन रूप का सोडत आहात? आम्हाला सांगा.' तो कसाबसा बाजूला सारला. मग जुना उघडायला लागला, त्याच्या गतीने. शेवटी दिसला. आउटबॉक्स : एक. चाक फिरत होतं आणि मेल हलत नव्हता. जीपभर माणसं फोनवर बोलत होती.

ड्रायव्हरने मागे वळून माझा चेहरा पाहिला. "काय अडकलं?"

"बदलीचा अर्ज. पाचपर्यंतच आहे."

तो खाली उतरला आणि टपावर थाप मारली. "फोन ठेवा सगळ्यांनी. सरांना रेंज द्या."

मला वाटलं, कोण ऐकणार? आठवड्यातून दोनदा दहा मिनिटं मिळतात त्यांना. पण त्यांच्या बोलीत काहीतरी भराभर सांगून एकेकाने फोन बंद केला. टपावरचा एक म्हातारा सुरतेतल्या मुलीशी बोलत होता, त्यानेही. सगळी जीप गप्प झाली. फक्त कोंबडी बोलत होती. मावशींनी तिच्यावर पदर टाकला. मी इथून सुटावं म्हणून ती माणसं माझ्याकडे बघत बसली होती, आणि मला कुठे बघावं ते कळेना.

पाचला काही मिनिटं असताना आउटबॉक्स रिकामा झाला. या वेळी मी पाठवलेल्यांतही पाहिलं. होता.

"गेलं?" मावशींनी विचारलं.

"गेलं."

"बरं झालं," त्या म्हणाल्या आणि दरीकडे बघायला लागल्या.

ड्रायव्हर म्हणाला, "आता तुम्ही बोलून घ्या. अंधार पडला तर पडू दे." पुन्हा सगळा कालवा सुरू झाला. त्यात मी घरी फोन लावला. "अर्ज गया."

"ते तं सकाळेच सांगं व्हतं तुम्ही."

"आते खरंच गया."

ती मग म्हणाली, "मंग मधली खोली झाडी ठेवसु."

बदलीचं उत्तर अजून आलेलं नाही. मी जुनाच प्रोग्रॅम वापरतो. तो बंद होणार आहे असं म्हणतात. त्या कोपऱ्यातलं बटण दर बाजाराला दिसतं, आणि दर वेळी मी आधी आउटबॉक्स पाहतो, मग टपावरचा म्हातारा बोलतोय ना ते.