विहिरीचं पाणी आणि कार्बनचा जुना थर

देवासला आमच्या शेजारच्या वहिनी घरच्या विहिरीच्या पाण्यात पापडाचं पीठ भिजवत. आमच्या मराठी मंडळींत त्यांचेच पापड चालत. ते बंद पडले, ते माझ्यामुळे.

मी रसायनशास्त्र शिकवायचो. निवृत्तीनंतरही कॉलेजच्या प्रयोगशाळेत लोकांनी आणलेलं पाणी तपासून देत असे. ग्रॅफाइटची पूड पॅराफिन तेलात मळायची आणि सिरिंजच्या तोंडाशी घट्ट भरायची, की झाला इलेक्ट्रोड. पाण्यातलं शिसं आधी त्या कार्बनवर जमतं. मग ते सुटताना जो विद्युतप्रवाह मिळतो, त्यावरून प्रमाण कळतं. एक पथ्य मात्र पाळावं लागतं. प्रत्येक नमुन्यानंतर पेस्ट जराशी पुढे ढकलून वरचा थर कागदावर घासून टाकायचा. नाहीतर आधीच्या पाण्याचं शिसं पुढच्याच्या नावावर चढतं.

त्या दिवशी कारखान्यामागच्या नाल्याचं पाणी आधी तपासलं, नंतर वहिनींचं. विहिरीत शिसं निघालं. संध्याकाळी आमच्या मराठी मंडळाच्या बैठकीत सर्वांदेखत सांगूनही टाकलं. दुसऱ्या दिवशी आवराआवर करताना कागद पाहिला, तर त्यावर घासल्याची एकच काळी खूण होती; हव्या होत्या दोन. नाल्याच्या पाण्यानंतरचा थर बहुधा घासायचा राहिला होता. पुन्हा तपासायला हवं होतं. पण सकाळपासून माणसं भेटून म्हणत होती, "सर, तुम्ही वाचवलंत." मी गप्प राहिलो. वर्षं गेली.

गेल्या हिवाळ्यात वहिनी स्वतः बाटली घेऊन आल्या. "भाऊजी, एकदा परत बघा. नातसून पापड सुरू करायचं म्हणतेय. पाण्यापाशी अडलंय."

बाटली हातात घेण्याआधी मी त्यांना सगळं सांगितलं. मग दर वेळी नवा थर काढून पुन्हा पुन्हा तपासलं. थोडं पाणी इंदूरच्या प्रयोगशाळेलाही पाठवलं. कुठंच शिसं नव्हतं.

वहिनींनी रिकामी बाटली पिशवीत टाकली. मग म्हणाल्या, "म्हणजे माझी विहीर उगाच बाटवलीत."

"लिहून देतो, वहिनी."

"चिठ्ठी काय दारावर चिकटवू? जिथं बोललात, तिथं बोला."

रविवारी मंडळात उभा राहिलो. चूक कशी झाली आणि मी गप्प का बसलो, दोन्ही सांगितलं. पुढच्या रांगेतले माझ्याच वयाचे एक गृहस्थ माळवी ढंगात म्हणाले, "क्या भिया, इतकी वर्षं आम्हाला बाजारचे पापड खायला घातलेत."

"घशाखाली उतरत होते ना?" मागून वहिनी म्हणाल्या. लोक हसले. त्या हसल्या नाहीत.

आता त्यांच्या गच्चीवर पापड वाळतात. अजूनही कुणी रस्त्यात थांबवून हळूच विचारतं, "सर, पाणी नक्की चांगलं आहे ना?" मी छत्री काखेत धरून पहिल्यापासून सगळं सांगतो. परवा एक बाई पूर्ण ऐकून घेऊन म्हणाल्या, "बरं, मग उडदाचे सांगते त्यांना," आणि तशाच वहिनींच्या फाटकाकडे वळल्या.