मार्टिन कोलची माणसं

लग्नानंतर साताऱ्याहून निघालो तेव्हा टॅक्सीत बॅगा चढत होत्या आणि अण्णा जावयाला सोडायला तयार नव्हते. "पाव्हणं, तुमचं मूळगाव विचारायचं राहिलंच की."

मी इंग्रजीत सांगितलं. माझा इंग्रज नवरा पीटर म्हणाला, "बॉन."

"ते नोकरीचं झालं हो. वाडवडिलांचं?"

पीटरला ठाऊक नव्हतं. त्याच्याकडे पणजोबांचं नुसतं नाव होतं, विल्यम मार्टिन कोल, आणि डेव्हन परगणा. अण्णा आईकडे वळले. "बिनगावाचा जावई केलास बघ!" टॅक्सी हलली तेव्हा सगळेच हसत होतो, रडायचं राहून गेलं.

बॉनला आन्मेल्डुंग झालं, म्हणजे राहत्या पत्त्याची सरकारी नोंद, की कागदोपत्री माणूस तिथला होतो. मनाचं तसं होत नाही. तुमच्यापैकी जे बाहेर पडलात त्यांना हे सांगायला नको. रविवारी ऱ्हाइनवर धुकं असायचं आणि पीटर इंग्लंडच्या जुन्या जनगणना उघडून बसायचा. "अण्णांना उत्तर द्यायचंय," म्हणायचा. २०१४च्या हिवाळ्यात तो गेला. अण्णांनी तो विषय पुन्हा कधी काढला नाही. त्यांचं ते न विचारणंच मला लागायचं.

मग मी बसू लागले. जनगणना, चर्चमधल्या बाप्तिस्म्याच्या आणि दफनाच्या नोंदी, शेतांची नावं लिहिलेले नकाशे. विल्यमचे वडील मार्टिन कोल एका खेड्यात सापडले. सुतार. बायको अ‍ॅन. दर जनगणनेत मुलं मोठी झालेली असत, एखादं नसे. ऑफिसातून परतताना ट्राममध्ये वाटायचं, घरी कुणीतरी आहे.

वसंतात पांढरी फुलं घेऊन त्या गावी गेले. तिथल्या इतिहास मंडळातल्या डोरोथीबाईंनी मार्टिनच्या थडग्याचा दगड दाखवला. फुलं ठेवून मी नमस्कार केला. त्यांनी सहज विचारलं, "विल्यम यांचाच मुलगा, हे कशावरून?"

"मधलं नाव मार्टिन आहे ना."

"ते वडिलांचं कशाला असेल? आमच्याकडे पुष्कळदा आईचं माहेरचं आडनाव मधे घालतात."

इतकी वर्षं इंग्रज माणसाबरोबर संसार करून, त्याच्या पणजोबांचं नाव मी साताऱ्याच्या शाळेचा दाखला वाचावा तसं वाचलं होतं. बाईंनी माझ्याबरोबर बसून विवाहाच्या आणि बाप्तिस्म्याच्या नोंदी पाहिल्या. मेरी मार्टिन, कोल नावाच्या शेतमजुराला दिलेली, मुलगा विल्यम. गाव समुद्राच्या बाजूला.

दुसऱ्या दिवशी तिथे गेले. दगड खचला होता. हाताने शेवाळ पुसलं तेव्हा कोल दिसलं, खाली मेरी. तिथूनच अण्णांना फोन करून गावाचं नाव सांगितलं, आधी झालेली चूकही.

"आता कसं," म्हणाले. मग, "आणि ती पहिली माणसं? फुलं वाहिलीस ना त्यांना?"

"वाहिली. चुकून."

"असू दे गं. त्यांच्याकडं तरी कोण जातंय."

आता मी दर वसंतात दोन्ही गावांना जाते. लग्न होऊन आलेल्या बाईला सगळेच पूर्वज परके. नमस्कार करता करता ते तिचे होतात. मेरीचंही तसंच झालं असेल. पीटरच्या गावी मी सून म्हणून जाते, नीट वागते, थोडा वेळ रडते. पण आधी सुताराच्या गावी उतरते. तिथे गवतात बसलं की घरी आल्यासारखं वाटतं. मी त्यांची कुणी लागत नाही, हे त्यांना अजून कुणी सांगितलेलं नाही.