आधी कोण बसणार

मी चौथी शिकलेला माणूस. छत्तीस वर्षं लेथवर उभ्यानं काम केलं. तेव्हा उभं कसं राहायचं हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती.

मुलगा परदेशात, र्युसेल्सहाइमला मोटारीच्या कारखान्यात इंजिनियर. दोन हजार सालानंतर चार हिवाळे आम्ही नवरा-बायको त्याच्याकडं राहिलो. व्हिसा नव्वद दिवसांचा. पहिल्या वर्षी मी खिडकीशी बसून कुढायला लागलो, तेव्हा सून म्हणाली, "बाबा, चला, तुम्हाला बास्केटबॉल दाखवते." शेजारच्या गावच्या क्लबचा एकही सामना ती चुकवत नसे.

खेळ सुरू झाला तरी सगळा हॉल उभाच, टाळ्या वाजवत. मी आपला खुर्चीत बसलो. बाजूच्या म्हाताऱ्यानं माझी बाही धरून मला उठवलं. राग आला. माझ्या अंगाला हात लावणारा हा कोण?

सून हसत होती. "अहो बाबा, आपल्या टीमचा पहिला बॉल जाळीत पडेपर्यंत इथं कुणी बसत नाही. आरतीला बसतं का कुणी?"

मग मी उभा राहिलो तो राहिलोच. बॉल पडला, हॉल बसला, मी बसेना. म्हाताऱ्यानं माझ्याकडं बघितलं, आणि तोही बसेना. मागचे ओरडायला लागले तेव्हा सुनेनं दोघांना खाली ओढलं.

तेव्हापासून तो नेमच झाला. दर सामन्याला, आधी कोण बसतो ते बघायचं. त्याचीही हयात मोटारीच्या कारखान्यात उभ्यानं गेलेली, गुडघे माझ्यासारखेच कुरकुरणारे. आम्हाला एकमेकांची भाषा येत नव्हती. मध्यंतरात तो क्लबची हकिगत सांगायचा आणि सून मला मराठीत सांगायची. क्लब म्हणजे मुळात गावच्या व्यायामशाळेची एक शाखा. शाळेच्या हॉलमध्ये खेळायचे. खेळाडू कोण, तर मास्तर, पोस्टमन आणि हा स्वतः. सामन्याआधी लादी हाच पुसायचा. बायका घरून केक आणायच्या. वर्षानुवर्षं खालच्या लीगमध्ये घासून घासून वर चढले, पार पहिल्या लीगपर्यंत. मग अमेरिकेचे उंच खेळाडू आले, ढोल आले.

"आणि केक कुठं गेला, विचार त्याला," मी म्हणालो.

सुनेनं विचारलं. म्हातारा माझ्या गुडघ्यावर थाप मारून म्हणाला, "गेनाऊ." म्हणजे बरोबर बोललास. त्याच्या तोंडचा तेवढाच एक शब्द मला थेट कळायचा.

चौथ्या हिवाळ्यात बातमी आली. चालवणाऱ्यांनी क्लबची लीगमधली जागा एका मोठ्या शहराला देऊन टाकली होती. गावातला अखेरचा सामना एप्रिलच्या शेवटी, आणि माझा व्हिसा मार्चमध्येच संपणार.

"मी सामना बघूनच जाईन," मी मुलाला सांगितलं.

"बाबा, पोलीस घालवतील तुम्हाला."

"घालवू देत."

दोन दिवस जेवलो नाही. मुलगा बिचारा परदेशी लोकांच्या कचेरीत जाऊन विचारून आला. नाही म्हणाले.

निघायच्या आधीच्या सामन्याला सुनेनं मी चाललो हे म्हाताऱ्याच्या कानावर घातलं. त्या दिवशी आम्ही दोघं कितीतरी वेळ उभे होतो, आणि मागचंही कुणी ओरडलं नाही.

अखेरच्या सामन्याला तिकडं दुपारचे तीन, इकडं आमच्या घरी साडेसहा. सुनेनं हॉलमधून फोन लावला. मी उठून उभा राहिलो. मला टाळ्या वाजवता याव्यात म्हणून बायकोनं रिसीव्हर माझ्या कानाशी धरला. ढोल ऐकू येत होते. मग गलका झाला आणि तिकडच्या टाळ्या थांबल्या.

"पडला, बाबा. आणि हे आजोबा विचारतायत, तुम्ही बसलात का?"

"त्याला सांग, आधी तू."

तिकडं काहीतरी बोलणं झालं.

"ते म्हणतात, आधी तुम्ही. मागचे चिडलेत, बाबा, बसा ना."

"मी नाही बसणार."

फोन कट झाला. परत लागला नाही.

"अहो, बसा आता," बायको म्हणाली. "तिथून कोण बघतंय तुम्हाला?"

पान वाढेपर्यंत मी उभा होतो.

पुढं मुलगा म्युनिकला गेला. त्या गावात जायचं कारण उरलं नाही. हिवाळा आला की अजून त्या हॉलची आठवण येते, त्या म्हाताऱ्याची तर फारच. त्या दिवशी तो बसला का, हे मी सुनेला कधी विचारलं नाही. ती सांगेल. पण बसला असेल, तर मला ऐकायचं नाही.