तीन बोटं

मर्ना हॅस्केलला कॉलेजच्या सगळ्या पोरी 'डॉक' म्हणायच्या, आणि दर वेळी ती सांगायची, "अगं, मी कसली डॉक्टर? मी बर्फवाली." ते काही अगदीच खोटं नव्हतं. हॅलमच्या कॉलेजात तीस वर्षं तिनं मुरगळलेल्या घोट्यांवर बर्फ ठेवला, गुडघ्यांना पट्ट्या गुंडाळल्या, फुटलेल्या ओठांवर कापूस दाबला. जिमच्या मागे, कपडे धुवायच्या मोठ्या मशीनशेजारी तिची खोली होती. खोलीला खिडकी नव्हती, पण दार कधी बंद नसायचं. घोटा दाखवायला आलेली पोरगी तासाभरानं प्रेमभंगाचं रडून मोकळी होऊन जायची. मर्नाला स्वतःचं लेकरू नव्हतं. नवरा होता, तो दहा वर्षांपूर्वी एका दातांच्या डॉक्टरणीबरोबर फ्लोरिडाला गेला. "दाढ दाखवायला गेला तो तिथलाच झाला," असं ती स्वतःच सांगायची आणि आपणच आधी हसायची. अशी बाई.

गोष्टी तिच्याकडे पोत्यानं होत्या, पण सामन्याला जाताना बसमध्ये पोरी एकच गोष्ट मागायच्या, तीन बोटांची. मर्ना याच कॉलेजच्या मुलींच्या पहिल्यावहिल्या सॉकर संघात बचावाला खेळलेली. तेव्हा दुखापती बघायला गस नावाचा एक म्हातारा होता. कुणी डोकं आपटून पडलं की गस डुलत डुलत यायचा, डोळ्यांपुढे बोटं धरायचा आणि विचारायचा, "किती?"

"आणि गंमत ऐका," मर्ना म्हणायची, "गसनं जन्मात कधी तीनाशिवाय बोटं धरली नाहीत! डोळ्यांपुढे काजवे चमकेनात का, आम्ही ठोकून द्यायचो, तीन! की निघालो परत मैदानात."

सगळी बस खिदळायची, आणि मर्नाचा आवाज सगळ्यांच्या वर. ह्या गोष्टीत हसण्यासारखं काही नव्हतं हे तिला फार उशिरा कळलं.

गसचा जमाना कधीच संपला होता. आता दर ऑगस्टला, सामने सुरू व्हायच्या आधी, मर्ना एकेका पोरीला खोलीत बसवून परीक्षा घ्यायची. पाच शब्द वाचायचे, ते म्हणवून घ्यायचे. मग महिने उलटे म्हणायला लावायचे, डोळे मिटून एका पायावर उभं करायचं, आणि दहा मिनिटांनी हळूच विचारायचं, मघाचे शब्द सांग बघू. डोकं ठणठणीत असताना पोरीला किती आठवतं ते कागदावर नोंदलेलं राही. पुढे कधी डोक्याला मार बसला की पुन्हा परीक्षा, आणि दोन्ही कागद शेजारी शेजारी. आकडा घसरलेला दिसला की मैदान बंद.

पण पोरी काय कमी बेरकी? मोठ्या पोरी नव्या पोरींना कानात सांगायच्या, ऑगस्टमध्ये ढ व्हायचं. आधीच तळाला बसलं तर घसरणार कुठून? ही कुजबुज मर्नाच्या कानावर नव्हती असं नाही. पण कानावर असणं वेगळं आणि विचारायला जाणं वेगळं. झाकली मूठ तिनं झाकलेलीच ठेवली होती.

थिया कुझ्मा चौथ्या वर्षाला होती. हाडापेरानं मजबूत, गोलच्या पुढे भिंत घातल्यासारखी उभी राहायची, आणि हवेतून येणारा प्रत्येक चेंडू आपल्याच कपाळाचा असं समजून उडी घ्यायची. तिला गणिताची शिक्षिका व्हायचं होतं. आणि स्मरणशक्ती म्हणाल तर विचारू नका! संघातल्या सव्वीस पोरींचे वाढदिवस, त्यांच्या आयांची नावं, घरच्या कुत्र्यांची नावं, सगळं तोंडपाठ. मर्ना स्वतःचा वाढदिवस विसरायची आणि ही दारात केक घेऊन हजर.

तर ती थिया ऑगस्टच्या परीक्षेत पाचांतले दोन शब्द म्हणाली आणि थांबली.

"लोणी... चिमणी... गेलं, डॉक."

"गेलं? कुठं गेलं?"

"काय माहीत! झोपच झाली नाही काल." आणि हसू दाबायला तिनं ओठ चावला.

मर्नानं तिच्याकडे पाहिलं. बाहेर बारा पोरी रांगेत कलकलाट करत होत्या, शेजारी मशीन धडधडत होतं. पुन्हा घेऊ या, हे शब्द तिच्या अगदी ओठांवर आले होते. पण तिनं कागदावर दोन लिहिले आणि दाराकडे बघून ओरडली, "पुढची!" आणि खरं सांगायचं तर तिलाही तेव्हा हसूच येत होतं. बचावाला खेळणाऱ्या पोरी अशाच वांड असतात, आपणही होतो, असलं काहीतरी तिच्या मनात आलं.

ऑक्टोबरात एका सामन्यात कोपऱ्यावरून चेंडू उंच आला. थिया उडाली, समोरचीही उडाली. चेंडू राहिला बाजूला, कानशिलावर कानशील आपटलं. बाकावर बसलेल्यांनाही आवाज ऐकू आला. लोकांना वाटतं, चेंडू डोक्यानं मारून मारूनच ह्या पोरींची डोकी दुखावतात. मर्नानं तीस वर्षांत पाहिलं ते निराळं. बहुतेक वेळा चेंडूच्या नादात दोघी एकाच जागी पोचतात, आणि मग डोक्याला डोकं, नाहीतर कुणाचं कोपर.

थिया उठून बसली. "बरी आहे मी. अगदी बरी."

"गप्प बस. बाहेर चल."

"कोच, सांगा ना हिला!"

कोच ब्रँटनं हात वर केले. "मला नको मध्ये घेऊस, पोरी. मर्ना म्हणेल तसं."

थियाचा जीव कशात अडकलाय हे सगळ्यांना ठाऊक होतं. बारा दिवसांनी घरच्या मैदानावरचा शेवटचा सामना होता. त्या दिवशी चौथ्या वर्षाच्या पोरी हातात फुलं घेऊन, आईबापाचा हात धरून मैदानाच्या मध्यापर्यंत चालत जातात, त्यांचं नाव पुकारलं जातं, आणि मग त्या शेवटच्या घरच्या सामन्याला उतरतात. थियाला वडील नव्हते. आई डार्लीन दूर एका वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात काम करायची, शनिवार-रविवार तिची पाळी. चार वर्षांत तिनं लेकीचे दोन सामने पाहिले होते. ह्या शनिवारची रजा तिनं जूनमध्येच मागून ठेवली होती.

मर्नानं काही कमी केलं असं कुणी म्हणू नये. दोन दिवस सक्तीची विश्रांती. मग नुसतं चालणं, मग सायकल, मग धावणं, मग पायानं चेंडू पण डोकं नाही, मग सगळ्यांबरोबर सराव. दर पायरीला किमान एक दिवस, आणि डोकं दुखलं की एक पायरी मागे. रोज सकाळी ती थियाला समोर बसवायची.

"डोकं?"

"मस्त."

"उजेड खुपतो? मळमळतं?"

"छे."

"खोटं बोललीस तर कान उपटीन."

"डॉक! तुझ्याशी खोटं बोलेन का मी?"

टोपी मात्र नाकापर्यंत ओढलेली. आणि एकदा ती सहज म्हणून गेली, "हे मशीन हल्ली जास्तच आवाज करतं, नाही?"

"तीस वर्षं एवढाच करतंय," मर्ना म्हणाली आणि पट्टी कापत राहिली.

परीक्षेत थियाला दोन शब्द आठवले. उलटे महिनेही तिनं ऑगस्टमध्ये अडखळत म्हटले होते तसेच म्हटले. ऑगस्टला दोन, ऑक्टोबरला दोन. दर मंगळवारी कॉलेजात येणाऱ्या डॉक्टरांनी दोन्ही कागद पाहिले, थियाचे डोळे तपासले आणि सही केली. थियानं मर्नाला कडकडून मिठी मारली. "आईला फोन करते!" म्हणत धावतच गेली.

शनिवारी स्वच्छ ऊन होतं. डार्लीन पांढऱ्या शेवंतीचा गुच्छ सांभाळत, मैदानाच्या ओल्या गवतात टाचा रुतत, लेकीच्या हाताला धरून चालली. "थिया कुझ्मा!" असं कर्ण्यावरून पुकारलं तेव्हा ती लेकीकडे न बघता लोकांकडेच बघत होती, माझी आहे, माझी, असं सांगत असल्यासारखी.

उत्तरार्धात समोरच्या गोलवालीनं चेंडू लांब मारला. थियानं तो डोक्यानं परतवला. धक्का नाही, टक्कर नाही. हजार वेळा मारलेला तसला चेंडू, आणि मारलाही झकास. लोकांनी टाळ्या वाजवल्या. थिया दोन पावलं चालली आणि तिचे गुडघे मुडपले.

मर्ना एवढी कधी पळाली नव्हती. "थिया! माझ्याकडे बघ. कुठं आहोत आपण?"

थियानं डोळे उघडले. बराच वेळ ती शोधत राहिली. "बसमध्ये?" ती म्हणाली, आणि ओकली.

इस्पितळात कळलं की रक्तस्राव नाही. पण पहिला मार भरूनच आला नव्हता, आणि त्यावर हा दुसरा. एवढ्याशा चेंडूनं एवढं कसं, तर एवढ्यासाठी. तिथल्या डॉक्टर म्हणाल्या, आता वेळ लागेल, किती ते सांगता येत नाही.

डार्लीन बाकावर बसली होती, शेवंती अजून मांडीवर. "तुम्ही तिला खेळू दिलंत," ती म्हणाली.

आणि मर्नानं जे करायला नको होतं तेच केलं. भेदरलेलं माणूस करतं तसं. पिशवीतून कागद काढले. "हे बघा, आम्ही सगळं तपासलं होतं. ऑगस्टमध्ये दोन शब्द, आणि आत्ताही..."

डार्लीननं चष्मा लावला. कागद वाचला, पुन्हा वाचला.

"दोन? पाचांतले दोन? माझ्या थियाला?" तिचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "अहो, चार वर्षांची असताना ही चर्चमधल्या प्रत्येक बाईला नावानं हाक मारायची. मी बाजारात यादी नेत नव्हते, हिला नेत होते. दोन शब्द म्हणाली, आणि तुम्हाला खरं वाटलं?"

खरं वाटलंच नव्हतं, हे मर्ना कुठल्या तोंडानं सांगणार?

थियाचा हिवाळा पडदे ओढलेल्या खोलीत गेला. पुस्तकाची ओळ दुसऱ्यांदा वाचेपर्यंत पहिल्यांदा वाचलेली पुसली जायची. शेवटची सहामाही सुटली, ती सुटलीच. मर्ना दर रविवारी फोन करायची, कधी डार्लीन उचलायची, कधी नाही. पुढच्या ऑगस्टला मर्नानं मशीन बंद ठेवून, दार लावून परीक्षा घेतली, आणि जिचा आकडा पटला नाही तिला पुन्हा बसवलं, तिसऱ्यांदा बसवलं. बसमध्ये एका पोरीनं तीन बोटांची गोष्ट मागितली. "ती गोष्ट नाही," मर्ना म्हणाली आणि खिडकीबाहेर बघत बसली.

त्याच आठवड्यात ती गाडी काढून कुझ्मांच्या घरी गेली. थिया स्वयंपाकघरात बटाटे सोलत होती, टोपी डोळ्यांवर, खिडकीचा पडदा अर्धा खाली. पूर्वीपेक्षा बरी होती, टपालपेटीपर्यंत चालत जात होती. फक्त बोलताना मध्येच थांबायची, शब्द येईपर्यंत. डार्लीननं मान हलवून "या" म्हटलं आणि चुलीकडे वळली. पिरोगीसाठी, म्हणजे बटाट्याच्या उकडलेल्या करंज्यांसाठी, कांदा परतत होता.

"मला ठाऊक होतं गं," मर्ना म्हणाली. बसायच्या आधीच म्हणाली. "त्या ऑगस्टला. तू मुद्दाम करते आहेस, मला दिसलं होतं. मी विचारायला हवं होतं."

"तुला दिसलं, हे मलाही दिसलं होतं," थिया म्हणाली. ती थांबली. "मला वाटलं... तू तर आमच्यातलीच. तीन बोटं. तूही तेच केलंस, आणि तुला काय झालं? काही नाही. मला वाटलं, हे असंच असतं."

तिच्या बोलण्यात दोष देणं नव्हतं. असतं तर मर्नाला सोपं गेलं असतं. ती टेबलावर हात टेकून उभीच राहिली आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं.

"रडू नको ना, डॉक. परीक्षा घे माझी. या वेळी खरी."

"आत्ता नको, बाळा."

"घेच."

कागद नव्हता, पण ती यादी मर्नाला झोपेतही पाठ होती. ती बसली आणि सावकाश म्हणाली, "लोणी. कंदील. चिमणी. पूल. बटण." थियानं ते लगेच म्हटले, पाचही. मग दोघींनी मिळून बटाटे सोलले. दहा मिनिटं झाल्यावर मर्नानं सुरी खाली ठेवली.

"सांग बघू."

थियानं डोळे मिटले. "पूल," ती म्हणाली. ओठ हलत राहिले. टेबलाची कड तिनं घट्ट धरली होती. डार्लीननं चूल बंद केली, पण वळून पाहिलं नाही. "बटण," थिया म्हणाली. पुढचा शब्द आला नाही.

"किती झाले?" तिनं डोळे उघडून विचारलं.

"दोन."

"तेव्हाही दोनच होते ना? म्हणजे पास!" ती हसली. एकटीच हसली. मग तिनं टोपी आणखी खाली ओढली. "मी लबाडी नाही केली गं, डॉक. या वेळी मी खरंच आठवत होते."

"माहीत आहे मला. माहीत आहे." मर्ना खुर्ची ओढून तिच्या शेजारी गेली आणि तिचा ओला, बटाट्याच्या सालींनी माखलेला हात तिनं हातात घेतला.

"पुन्हा सांग," थिया म्हणाली.

मर्नानं बाहीनं डोळे पुसले आणि पहिल्यापासून सांगायला घेतलं. लोणी. कंदील.