नळीवरचा बर्फ

सन दोन हजार तेवीस. मला एकाहत्तरावं लागलं होतं. रेवसच्या धक्क्यापासून थोडं आत, खाडीच्या अंगाला, मासळी ठेवायचं माझं छोटं कोल्ड स्टोरेज. तरुणपणी आखातात एसीवाल्यांच्या हाताखाली राबलो आणि तिथली कमाई या खोलीत घातली. शाळा चौथीपुढे माहीत नाही. पण इथली थंडी माझ्या हातची होती, कोणाकडून मागून आणलेली नव्हती.

भर दुपारी दार उघडलं की आतून पांढरं धुकं उंबऱ्यावर उतरायचं, माझ्या पायांवरून वाहत अंगणात जायचं आणि उन्हात कुठेतरी विरायचं. नळ्यांवर बर्फाची जाड साय धरलेली. बर्फाचा डोंगर मी कधी पाहिला नाही. त्या नळ्यांकडे बघताना वाटे, तो असाच असणार, मुका आणि निळसर. कोळणी पाट्या घेऊन आल्या की आधी नळीवर नख ओढायच्या. नखात बर्फ आला तरच पाटी खाली. आमच्याकडे मशीनची परीक्षा हीच.

मशीन म्हातारं झालं होतं. पावसाळ्यात मासेमारीला समुद्र बंद असताना दुरुस्ती निघायची, तेव्हा नळ्यांतला थंडी करणारा उरलासुरला गॅस आम्ही मोकळा सोडायचो. फुस्स करून जायचा. मागच्या डोंगरावरून पुढे ढगांत मिसळत असेल, असं मनात यायचं.

त्या वर्षी जुनी मशीनं बदलायच्या सरकारी योजनेची एक मुलगी आली. नवं, कमी वीज खाणारं मशीन. निम्मे पैसे सरकारचे, बाकीचे बँकेच्या हप्त्यानं. अट एकच. जुनं मशीन द्यायचं आणि त्यातला गॅस टाकीत भरून न्यायचा, हवेत जाता कामा नये.

“का? हवेचं काय बिघडतं?” मी.

“काका, हा गॅस वर जाऊन राहतो आणि गोधडीसारखी ऊब धरतो.”

दारात बसलेली थोरली कोळीण हसली. “म्हंजे चाचा, आमची मासळी गार केलीस आन् आभाळाला गोधडी घातलीस?”

“तू गप गं.”

“न्हाय बसनार गप. मागल्या साली ह्ये बंद पडलं तवा माजी सुरमई कुजली. तुजं मशीन मोठं का आमचं पोट?”

मी योजनेच्या कागदावर सही केली. कोळणींसाठी केली, योजनेसाठी नाही. तसं त्या मुलीला तोंडावर सांगितलंही.

नवं मशीन कपाटाएवढं. त्यातला गॅस चुलीच्या गॅसच्या जातीचा, असं बसवणारा म्हणाला. चुलीचा गॅस थंडी देणार! आवाज इतका हळू की भरतीचं पाणी दगडांना लागलेलं ऐकू येई.

समुद्र खुला झाला. पहिल्या मासळीच्या संध्याकाळी थोरली पापलेटांची पाटी घेऊन आली. नळीवर नख ओढलं. नळी कोरडी.

“चाचा, बरफ कुठं हाय?”

“हे मशीन आपला बर्फ आपणच झटकतं. साचला की वीज जास्त लागते.” मुलीनं सांगितलेलं मी पाठ म्हणून दाखवलं.

“तुजा इस्वास हाय?”

नव्हता. बर्फाशिवाय थंडी मलाही खरी वाटत नव्हती. पण मागच्या बाया पाट्या उचलायला लागल्या होत्या. त्या गेल्या असत्या तर माझ्या दाराशी पुन्हा आल्या नसत्या, आणि मशीन रिकामी खोली गार करत बसलं असतं.

“पाट्या ठेवा,” मी म्हणालो. “बिघडलेली निघाली तर सगळी मासळी मी घेईन, आणि हे मशीन माझ्या हातानं खाडीत ढकलीन.”

“मंग हप्ते कोन भरील, खाडी?” असं म्हणत तिनं पाटी ठेवली. बाकीच्यांनीही ठेवल्या.

मी ओट्यावर भिंतीला पाठ लावून बसलो. भिंतीतून गारवा हळूहळू अंगात येत होता. खाडी, होड्या, दूरचे दिवे, सगळं पाण्याखालून दिसावं तसं दिसत होतं. मी बसल्या बसल्या तरंगत होतो.

दुसऱ्या दिवशी पहाटे नमाज पढून आलो तर थोरली दाराशी हजर. आधी एकट्यानं डोकावून खात्री करावी असं फार वाटलं. केलं नाही. चावी तिच्या हातात दिली. “उघड. तूच बघ.”

तिनं एका पापलेटचा कल्ला उचलला. लाल, ओला, आत्ताच जाळ्यातून काढल्यासारखा. दुसऱ्याचा उचलला. मग पाटी डोक्यावर घेतली आणि जाता जाता म्हणाली, “सांजला मोठी पाटी आनते. जागा ठेव.”

मी झाडू घेतला आणि तिच्या मोठ्या पाटीसाठी आतला कोपरा झाडायला लागलो.