हॉलमधलं लिंबू

फांदीची साल नखाने हळूच खरवडायची आणि म्हणायची, “आत हिरवं हाय. मग घाई कसली?”

मांडवीतल्या आमच्या इमारतीत समोरच्या दारी राहणारी ही मावशी. चाळीस वर्षं तिने डोक्यावर पाटी घेऊन मासे विकले. गुडघे गेले तेव्हा मुलाने तिला दुसऱ्या मजल्यावरच्या आपल्या घरी आणलं. येताना तिने कुंडीतलं कागदी लिंबू तेवढं आणलं.

गॅलरीतल्या खाऱ्या वाऱ्याने पानं करपू लागली, म्हणून झाड हॉलमध्ये, खिडकीच्या काचेआड आलं. पंधरा दिवसांत सगळी पानं गळली. मुलगा कुंडी उचलायला आला.

“आई, नुसत्या काटक्या उरल्यात.”

“नव्या घरात मला तरी कुठे करमतंय? त्याला पण वेळ दे.”

डॉक्टरांनी चाला म्हणून सांगितलेलं ती कानाआड टाकायची. कुंडी रोज उजेडाकडे थोडी फिरवायला, मातीत बोट खुपसून ओल बघायला मात्र उठायची. आधी भिंत धरून, मग काठी टेकत. झाडाला पालवी फुटली तोवर ती घरभर फिरू लागली होती.

कळ्या उमलल्या. घरात मधमाशी कुठली येणार? नातीच्या रंगाच्या ब्रशने ती एका फुलातलं पिवळं दुसऱ्या फुलाला लावत बसे. सून हसली की म्हणायची, “हसतेस काय गो? सोयरीक जुळवतेय.”

तीन लिंबं धरली, टपोरी.

शहरात फळाफुलांचं प्रदर्शन भरलं. मुलाने कुंडी घेतली आणि मावशी कितीतरी महिन्यांनी जिना उतरली. मी हात पुढे केला, तो तिने धरला नाही.

परीक्षकांनी चष्मा सारखा केला. “आजी, घरातल्या झाडाला एवढी टपोरी लिंबं? बांधली नाहीत ना?”

“ओढून बघा, सायेब.”

त्यांनी ओढलं. फांदी वाकली, लिंबू सुटलं नाही.

“आता सोडा. दुखतं त्याला.”

पहिल्या बक्षिसाला मुलाचं नाव पुकारलं. अर्ज त्याने भरला होता. तो जागेवरूनच मोठ्याने म्हणाला, “झाड माझ्या आईचं आहे!” मग त्यांनी तिचं नाव पुकारलं, दोनदा.

गेल्या श्रावणात मावशी गेली. बाजारातल्या तिच्या मैत्रिणी त्या दिवशी पाट्या न लावता आल्या. जिन्यात दम खात थांबल्या तेव्हा एकीने मला विचारलं, “तुम्ही तिचे कोण?”

“शेजारी,” मी म्हणालो. एवढ्या अभिमानाने हा शब्द मी कधी उच्चारला नव्हता.