पिल्लू आणि वीस मिनिटांची नळी

आमच्या ग्रामीण रुग्णालयाच्या रजिस्टरमध्ये 'सर्पदंश' एवढाच शब्द बसतो. बाकीचं सगळं आम्हा स्टाफच्या डोक्यात साठत जातं आणि चहाच्या वेळी बाहेर पडतं. मी इथे सिस्टर. शिरूर तालुक्यातला हा उसाचा पट्टा, त्यामुळे घोणशींना तोटा नाही. उन्हाळ्याच्या शेवटी घोणस एकदम ढिगाने पिल्लं घालते आणि मग आम्हाला रोज तेच ऐकावं लागतं, "सिस्टर, पिल्लूच तर व्हतं!" हे ऐकलं की माझं डोकंच फिरतं. अहो, ते जन्मतःच विषारी असतं!

*

न्हावऱ्याचे एक आप्पा पायाला पिल्लू चावलं म्हणून एसटीने आले. काखेत स्टीलचा डबा.

"ओळख पटवाया पिल्लू आणलंय. जित्तं हाय," आप्पा म्हणाले.

आमच्या डॉक्टर मॅडम दोन पावलं मागे सरकल्या. "झाकण घट्ट आहे ना?"

"व्हय की!" म्हणत आप्पांनी दाखवायला झाकणच उघडलं! सगळी ओपीडी बाकड्यांवर चढली. डबा रिकामा होता.

"एसटीत पडलं का काय?" आप्पा पुटपुटले.

"एसटी कुठं गेली?"

"दौंडला!"

डेपोत फोन गेला. कंडक्टरने वाटेत गाडी थांबवून सगळ्यांना खाली उतरवलं. भर उन्हात माणसं रस्त्यावर, पण पिशवी घ्यायला आत जायची कुणाची हिंमत नाही. इकडे आप्पांना सलाईन लागलं आणि त्यांच्या मालकिणीचा फोन आला.

"अवं, तुम्ही रिकामाच डबा नेलाय! पिल्लाचा हितंच फडताळात हाय. आत्ता चटणी काढाया उघडत व्हते मी!"

*

याच्या उलट बोलणारेही आहेत. एक माजी सरपंच, आबा, पुतण्याला घेऊन आले. त्याला चांगली हातभर घोणस चावली होती. आबा निवांत.

"मोठा साप मापात विष सोडतो. पिल्लाला कंट्रोल नसतो, ते समदं वततं. म्हंजी पिल्लूच डेंजर. ह्याला मोठा चावलाय, नशीब!"

मॅडम पुतण्याची सूज बघत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "आबा, पिल्लाने अख्खा चमचा ओतला आणि मोठ्याने तांब्यातलं अर्धंच ओतलं, तर जास्त कुठलं?"

आबांनी पुतण्याकडे पाहिलं. त्याच्या हिरड्यांतून रक्त यायला लागलं होतं.

"मॅडम, मी कायबी बोलतो. तुम्ही औषध लावा."

*

एका बापाने पाच वर्षांच्या मुलीसाठी हिशेब मांडला, "पोरगी ल्हान, साप बी ल्हान. औषध निम्मं द्या की."

मॅडम म्हणाल्या, "दादा, हाफ तिकीट फक्त एसटीत! सापाने विष सोडताना मुलीचं वय विचारलेलं नाही." मुलीला औषध पूर्ण लागलं. तिसऱ्या दिवशी ती वॉर्डभर पळत होती.

*

आता आमचे मामा. मामा म्हणजे वॉर्डबॉय, वडगाव रासाईचे. साप चावलेल्याचं रक्त आम्ही काचेच्या नळीत घेतो आणि वीस मिनिटं न हलवता ठेवतो. रक्त गोठलं तर ठीक. पाण्यासारखं वाहिलं तर विष भिनलं. नातेवाइकांना दम निघत नाही, ते नळी हलवून बघतात. म्हणून मामा पहारा देतात. एकाला म्हणाले होते, "नळीला हात लावलास तर पुढची नळी तुझ्या रगताची!"

गेल्या मे महिन्यात मामांच्या लेकीचा, वैशालीचा साखरपुडा होता, दुपारी बाराला. मामांची रजा. तरी सकाळी साडेआठला स्वतः गाडी चालवत हजर! पाहुण्यांना बसायला म्हणून कांद्याच्या चाळीमागची ताडपत्री ओढली आणि बोटाला पिल्लू डसलं. घोणशीचंच. घरी कुणाला सांगितलं नव्हतं.

"सिस्टर, एक नळी लावा. लगीच जातो."

नळी लावली. वीस मिनिटांनी रक्त गोठलेलं. मामा उठले.

"बसा!" मॅडम म्हणाल्या. "दर तासाला एक नळी. तुम्हाला मी सांगायचं?"

दुसरीही गोठली. बोटाची सूज मात्र चढत चाललेली. मामांनी चपला घातल्या. "मॅडम, पाहुणे दारात आलं आस्त्याल. पोरीची शोभा करू नगा."

मी दारात आडवी उभी राहिले. खरं सांगते, मला रडू येत होतं. मामा तिसऱ्या नळीसाठी बसले, घड्याळाकडे बघत. वीस मिनिटं झाली. मॅडमनी नळी कलती केली आणि रक्त सरकन खाली वाहिलं.

मामांनी चपला काढल्या, खाटेवर आडवे झाले. म्हणाले, "घरी फोन लावा. म्हणावं, पाहुण्यास्नी जेवल्याबिगर धाडू नगा."

औषध सुरू झालं. पाहुणे जेवले नाहीत. वऱ्हाडाची गाडीच दवाखान्यात आली. नवरदेव अंगठीची डबी धरून व्हरांड्यात, वैशाली भरजरी साडीत बापाच्या उशाशी. सहा तासांनी पुन्हा नळी लावली. दोन्ही घरची माणसं खिडकीतल्या त्या नळीकडे बघत उभी.

वीस मिनिटं झाली. मॅडमनी नळी कलती केली. रक्त जागचं हललं नाही.

वैशाली बापाला म्हणाली, "आण्णा, साखरपुडा हितंच उरकू?"

"थांब," मामा म्हणाले. "मॅडम, ती नळी माझ्या हातात द्या."

त्यांनी ती आडवी केली. मग पार उलटी केली. बराच वेळ बघितलं.

"जावईबापू," मामा म्हणाले, "या आत!"